डेल्ला

हेर्मुन्दुरच्या अंत्यविधीत पाद्रीबाई म्हणाल्या,
"दिवंगतांना अनेक विषयांत रस होता."
शेवटच्या बाकावर एबेनेसेर,
बोटींच्या इंजिनांनी ज्याचे कान खाल्ले,
त्याला वाटलं, आपण मनातच बोलतोय:
"रस कसला डोंबलाचा! डेल्ला होता, डेल्ला!"

क्षणभर कोणी हललं नाही.
मग पहिल्या रांगेत स्वानहिल्दुर हसली,
काळा हातमोजा तोंडावर दाबून,
आणि तिच्या मागे सगळं बोलुंगारविक.

शब्द तसा रोजचाच,
दूध संपलं सांगावं इतका.
त्याचा एक अर्थ बाष्कळपणा:
मंत्र्याचं भाषण डेल्ला,
उद्या ऊन पडणार म्हणणारा रेडिओही.
दुसरा अर्थ, डोक्यात शिरतं ते,
जे जेवताना ताटाशी बसतं आणि रात्री कूस बदलू देत नाही.
आपल्या खुळाला दोन्ही कळेल.
पुढे हवं ते जोडा: मोटार-डेल्ला, गळ-डेल्ला,
पलीकडच्या गल्लीत एकाला नुसता झाकणांचा.
दुकानात बटाटे निवडता निवडता लोक विचारतात,
"काय, सध्या कसला?"
आणि "कसलाच नाही" म्हणालात
तर दोन दिवसांनी कुणीतरी सूप घेऊन येतं.

हेर्मुन्दुरला पहिला रेडिओचा, लग्नाच्या वर्षी.
मधुचंद्राच्या फोटोत तिघं आहेत,
ती, तो, आणि तारेचं एक भेंडोळं.
मग गाठींचा. त्या हिवाळ्यात
पडद्यांच्या दोऱ्या, बुटांच्या नाड्या,
शेवटी धाकटीची वेणी.
ती कात्रीनेच सुटली.
आणि मग दगडफूल.

शाळेमागच्या काळ्या शिळेवर
पिवळट-हिरवा एक ठिपका, नकाशातल्या बेटासारखा.
दर जूनच्या एकविसाव्या रात्री,
सूर्य बुडायचं विसरलेला असताना,
हा गुडघ्यांवर, पट्टी घेऊन.
अकरा वर्षं. वहीत अकरा ओळी.
शेवटची: तेवीस मिलिमीटर.
"माझ्या कमरेचं माप विचार त्याला,"
स्वानहिल्दुर मासळीच्या कारखान्यात सांगायची,
सुरी न थांबवता.

जून आला.
वही टेबलावर होती, पट्टी वहीत.
ती म्हणाली, एक ओळ राहते म्हणून जाते, बस.
गेली. मोजलं.
बावीस.

पुन्हा मोजलं. आडवं, उभं, तिरकं.
वारा, म्हणाली. डोळे, म्हणाली.
घरी येऊन वही मागून पुढे वाचली:
चौथ्या वर्षी खोडलेलं आहे, सातव्या वर्षीही,
आकड्यावर आकडा गिरवलेला.
वाढतच नव्हतं का ते?
की हाच दर वर्षी
केसभर पुढे सरकवत होता पट्टी,
रांगणाऱ्या पोराला म्हणावं तसं,
ये, ये, अजून थोडं?

रविवारी ती एबेनेसेरकडे गेली.
"तुझं ते बारीक मापाचं यंत्र दे."
तो ओरडला, "कशाला?"
"मोजायला!"
"काय?"
"मोजायला!"
अख्ख्या धक्क्याने ऐकलं.

मंगळवारी पाऊस होता, तरी गेली.
गुरुवारी शाळेतल्या पोरांनी काचेला नाकं लावून पाहिलं:
शिळेपाशी एक म्हातारी,
एका हातात छत्री, दुसऱ्या हातात यंत्र,
आणि दगडाशी काहीतरी भांडण.

दुकानातल्या आउस्लोइगने विचारलंच,
"काय, सध्या कसला?"
"कसलाच नाही," स्वानहिल्दुर म्हणाली,
"हिशेब चुकलाय एकाचा, तेवढा बघतेय."
पिशवी घेऊन निघाली, पैसे दिले,
बटाटे तिथेच.

वहीत बारावी ओळ आहे. पेन्सिलीने.
बावीस, पुढे प्रश्नचिन्ह.
प्रश्नचिन्ह खोडलंय.
पुन्हा काढलंय.